परसातील कोंबडी आणि शेजारधर्म



प्राथमिक शिक्षणाच्या या पुस्तिकेत कोंबड्यांचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. वाचनपाठ, हजेरीपट आणि फळा यांच्या पंक्तीला हे खुराडे कोठून येऊन बसले, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु आपल्या शाळेत येणाऱ्या मुलाची सकाळ कशी सुरू होते, याचा क्षणभर विचार करावा. खुराड्याची फळी काढणे, कोंबड्या मोजणे, आडोशाला घातलेले अंडे हुडकून आईच्या हाती देणे, ही कामे उरकूनच पुष्कळ मुले शाळेत पोहोचतात. मोजणे, लक्ष ठेवणे आणि हाती आलेली वस्तू जपून ठेवणे, हे धडे त्यांनी पहिल्या तासापूर्वीच गिरवलेले असतात. ज्या घरातून मूल येते, त्या घरातील व्यवहाराची ओळख शिक्षकाला असावी, हे तत्त्व आपण सर्वांनी प्रशिक्षण काळात मान्य केलेले आहे. त्या तत्त्वाला धरूनच पुढील विवेचन केले आहे.

परसातील कोंबडीपालन हा केवळ कोंबडी आणि तिचा मालक यांच्यातील व्यवहार नव्हे. तो शेजाऱ्याशेजाऱ्यांमधील व्यवहार आहे. या एका गोष्टीकडे प्रस्तुत लेखात मुख्यतः लक्ष वेधावयाचे आहे. गाय दावणीला असते, शेळी दाव्याने बांधता येते. कोंबडी मात्र दिवसभर साऱ्या आळीची असते आणि रात्रीपुरती एका घराची असते. म्हणून तिची निगा एका घराने कितीही चांगली ठेवली, तरी शेजारच्या घराने ती ठेवली नाही तर तिचे रक्षण होत नाही.

घरोघरचा व्यवहार

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी अधिक होती. मोठमोठ्या कुक्कुटशाळा उभ्या राहिल्या, शहरास लागणारी अंडी तेथून जाऊ लागली, म्हणून खेड्यातील खुराडे बंद पडले असे झालेले नाही. याचे कारण उघड आहे. त्यास भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते, आणि खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यातील किडे व घरातील उष्टे यांवर कोंबडीचे बरेचसे पोट भरते.

आपली गावठी कोंबडी वर्षाला साधारणपणे ५० ते ६० अंडी देते. कुक्कुटशाळेतील कोंबडी ३०० च्या आसपास अंडी देते, हे ऐकून गावठी कोंबडीला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. परंतु गावठी कोंबडी आपले अन्न आपण शोधते, घारीची सावली पडताच पिलांना पंखाखाली घेते, आणि स्वतः अंडी उबवून आपला वंश वाढवते. ही कामे कुक्कुटशाळेतील कोंबडी करीत नाही. तेव्हा दोघींची तुलना केवळ अंड्यांच्या आकड्यावर करणे न्याय्य ठरणार नाही.

खुराड्याचा कारभार बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रीच्या हाती असतो. अंडी विकून आलेला पैसाही बहुधा तिच्याच गाठीला राहतो. वही, पेन्सिल, सहलीची वर्गणी, आजारी मुलाच्या औषधाचे पैसे, असे लहानसहान खर्च त्या पैशातून भागतात. ज्या वर्षी आळीतील कोंबड्या रोगाने बसतात, त्या वर्षी या बारीकसारीक गरजा अडतात, आणि त्याची झळ कधीकधी वर्गापर्यंत येऊन पोहोचते. नवी वही न आणणाऱ्या मुलास रागे भरण्यापूर्वी त्याच्या घरचे खुराडे रिकामे तर झाले नाही ना, हे विचारून पाहण्यास हरकत नाही.

या व्यवहारात शेजाऱ्यांची देवघेव सतत चालू असते. एकीची कोंबडी खुडूक झालेली असते, पण तिच्यापाशी ताजी अंडी नसतात. दुसरीपाशी अंडी असतात, पण खुडूक कोंबडी नसते. मग दुसरीची अंडी पहिलीच्या कोंबडीखाली बसतात आणि निघालेली पिले निम्मी-निम्मी वाटून घेतली जातात. एकीकडे जातिवंत कोंबडा असला की त्याचा लाभ साऱ्या आळीला होतो. याउलट, शेजारच्या वाळवणात कोंबड्या शिरल्या, किंवा एकीच्या कोंबडीने दुसरीच्या कडब्याच्या गंजीत अंडी घातली, की भांडणही होते. देवघेव असो वा भांडण असो, कुंपण कोंबडीला मान्य नसते, हे दोहोंवरून सिद्ध होते.

शेजारचा सल्ला आणि त्याची पारख

कोंबड्यांविषयीचे खेड्यातील ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. ते एका परसातून दुसऱ्या परसात सल्ल्याच्या रूपाने पोहोचलेले आहे. या सल्ल्यांत तीन प्रकार आढळतात: खरे व उपयोगी, खोटे पण निरुपद्रवी, आणि घातक. सुशिक्षित मनुष्य पहिल्याच उत्साहात तिन्हींना एकाच पोत्यात भरून अडाणीपणा म्हणतो, ही मोठी चूक होय. शिक्षकाने निवडा करावयास शिकविले पाहिजे.

प्रथम खऱ्या सल्ल्यांचा विचार करू. कोंबड्यांना लोळण्यासाठी चुलीची राख एका खळग्यात घालून ठेवावी, असे जुनी माणसे सांगतात. राखेत लोळल्याने पिसांतील उवा व इतर किडे कमी होतात. खुराड्याच्या फटींत लपणाऱ्या बारीक गोचिडांवर चुन्याचा दाट हात हा जुना आणि चांगला उपाय आहे. अंड्यांची टरफले फेकू नयेत, ती भाजून चुरून कोंबडीसच घालावीत, हा सल्लाही योग्य आहे. टरफलातील चुन्याचा अंश नवीन अंड्याचे कवच घट्ट होण्यास उपयोगी पडतो. मात्र ती चुरूनच घालावीत. अखंड टरफल चोचीला लागले, की अंडे फोडून खाण्याची खोड कोंबडीला जडते. वारुळापाशी शेण व काडीकचरा भरलेले ओलसर मडके पालथे घालून ठेवावे आणि त्यात चढलेली वाळवी लहान पिलांपुढे झाडावी, ही युक्ती ज्यांनी शोधून काढली, त्यांनी पिलांना मांसल अन्न लागते हे पुस्तक न वाचता ओळखले होते.

अंडी बसविण्याच्या बाबतीतही अनुभवी स्त्रियांचे सांगणे बहुधा अचूक असते. जागा अंधारी व शांत असावी. मध्यम बांध्याच्या कोंबडीखाली दहा-बारापेक्षा अधिक अंडी ठेवू नयेत. अंडी ताजी असावीत, आठवड्याहून जुनी नसावीत, आणि उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांपलीकडची घेऊच नयेत. अंडी धुऊ नयेत. कोंबडी रोज थोडा वेळ उठते, त्या वेळी दाणापाणी तिच्याजवळच असावे. या प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. धुतल्याने कवचावरील रक्षक थर जातो आणि सूक्ष्म छिद्रांतून रोगजंतू आत शिरतात. जास्त अंडी ठेवली तर कडेची अंडी गार पडतात.

दुसरा प्रकार निरुपद्रवी समजुतींचा. मेघगर्जनेने खुडूक कोंबडीखालील अंडी नासतात, असा समज अनेक ठिकाणी आहे. गर्जनेने अंडी नासत नाहीत. परंतु पावसाळ्यात अंडी अधिक नासतात हे निरीक्षण मात्र खोटे नाही. जागा ओलसर होते, हवा एकदम बदलते, वारापावसाने बिथरलेली कोंबडी घरट्यावरून उठते, आणि अंडी गार पडतात. निरीक्षण बरोबर, कारण चुकीचे, असे अशा समजुतींचे स्वरूप पुष्कळदा असते. तसेच, टोकदार अंड्यातून कोंबडा व गोलसर अंड्यातून तलंग निघते, अशीही समजूत आहे. पिलू नर होणार की मादी, हे कोंबडीच्या शरीरात बीज तयार होतानाच ठरलेले असते. कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी घालीत नाही, हा समजही बरोबर नाही. ती अंडी घालते, परंतु त्यांतून पिलू निघत नाही. अशा समजुतींवरून घरच्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्या तपासून कशा पाहाव्यात हे मुलांना शिकवावे. तो प्रकार पुढे दिला आहे.

तिसरा प्रकार घातक सल्ल्यांचा, आणि तेथे मात्र मौन उपयोगाचे नाही. पिसांतील किडे मारण्यासाठी पिकावर फवारण्याचे विषारी औषध कोंबडीच्या अंगाला चोळणे, आजारी कोंबडीच्या घशात रॉकेल ओतणे, माणसांच्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने चारणे, हे प्रकार आजही घडतात. त्यात कोंबडी तर जातेच, पण ते विष अंड्यांतून व मांसातून मुलांच्या ताटापर्यंत येण्याचा धोका असतो. ‘मरायच्या आत कापून टाका,’ हा सल्ला तर फारच प्रचलित आहे. आजारी कोंबडी अंगणात कापली, पिसे उकिरड्यावर टाकली, आतडी कुत्र्याने ओढून नेली आणि रक्ताचे पाणी गटारातून पुढच्या दारी गेले, म्हणजे एका घरचा रोग दहा घरी पोहोचविण्याची व्यवस्था आपल्याच हातांनी पूर्ण होते.

मानमोडी

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू घार नव्हे, मुंगूस नव्हे आणि रानमांजरही नव्हे. तो मानमोडी हा रोग होय. शास्त्रीय लेखनात यास राणीखेत रोग म्हणतात. १९२६ साली जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल या गावी हा रोग प्रथम नोंदला गेला. त्यानंतर लवकरच, १९२७-२८ च्या सुमारास, हिमालयाच्या पायथ्याकडील कुमाऊं भागातील राणीखेत येथे तो आढळला, आणि आपल्याकडे त्या गावाचे नाव त्याला चिकटले. जवळच मुक्तेश्वर येथे पशुरोगांवर संशोधन करणारी संस्था होती. १८८९ साली आपल्या पुण्यात स्थापन झालेली प्रयोगशाळाच पुढे १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविण्यात आली होती. या संस्थेत १९४० नंतरच्या दशकात मानमोडीवरील लस तयार झाली, आणि त्या वाणाची लस आजही मोठ्या कोंबड्यांना टोचण्यासाठी वापरली जाते.

रोगाची लक्षणे आपल्या परिचयाची आहेत. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते, चोच उघडी ठेवून धापा टाकते, हिरवट-पांढरी हगवण लागते, अंडी बंद होतात किंवा मऊ कवचाची पडतात. काही दिवसांनी पाय व पंख लुळे पडतात आणि मान पिरगळली जाते. यावरूनच मानमोडी हे नाव पडले. लस न दिलेल्या कोंबड्यांत रोग तीव्र स्वरूपात शिरला, तर आठवड्या-पंधरवड्यात बहुतेक सारे खुराडे रिकामे होते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी आणि उन्हाळ्यात याचा जोर विशेष दिसतो.

हा रोग विषाणूमुळे होतो. जिवाणूंवर चालणारी औषधे विषाणूवर चालत नाहीत. म्हणून रोग झाल्यावर द्यावयाचे खात्रीचे औषध नाही. हळद, लसूण किंवा महागडी गोळी यांपैकी कशानेही तो बरा होत नाही. रोगी कोंबडीच्या श्वासातून, लाळेतून व विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो आणि पाणी, दाणे, टोपली, चपला व हात यांच्याद्वारे पसरतो. आठवडी बाजारातून आणलेली एखादी स्वस्त कोंबडी साऱ्या आळीस पुरेशी होते. कारण रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस, आणि कधी पंधरा दिवसही जातात. बाजारात ती कोंबडी धडधाकटच दिसत असते. म्हणून नवी आणलेली कोंबडी दोन आठवडे इतर कोंबड्यांपासून दूर, वेगळ्या डालग्याखाली ठेवावी आणि तिचे दाणापाणी सर्वांच्या शेवटी करावे. हा नियम साधा आहे, फुकट आहे, आणि फार थोडे लोक पाळतात.

लसीची कुपी आणि चौदा घरे

रोगावर औषध नसले तरी रोग टाळण्याची लस आहे आणि ती महाग नाही. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, चार-पाच आठवड्यांनी पुन्हा एक थेंब, आणि आठ-दहा आठवड्यांचे झाल्यावर टोचण्याची लस, असा साधारण क्रम आहे. नेमके वेळापत्रक आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. मग अडते कोठे?

शाळाभेटीच्या वेळी एका वस्तीवर आजीबाईंनी मला विचारले, “साहेब, माझी आठ कोंबडी. आठ कोंबड्यांसाठी डॉक्टर कशाला येतोय?” हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. साऱ्या अडचणीचे मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

कोंबड्यांच्या लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते. ती थंड, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, आणि एकदा द्रावात मिसळली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. आता हिशेब मांडून पाहू. एका आळीत चौदा घरे आहेत आणि दर घरी सात कोंबड्या आहेत. एका घराने लस आणली तर सात मात्रा वापरल्या जातील आणि त्र्याण्णव फुकट जातील. चौदा घरे एकत्र आली तर अठ्ठ्याण्णव कोंबड्यांना लस मिळेल, दोनच मात्रा उरतील, खर्च चौदा ठिकाणी वाटला जाईल, आणि पशुधन पर्यवेक्षकालाही एका फेरीत काम उरकता येईल. तात्पर्य, लसीची कुपी ही एका घराच्या मापाची नाही. ती आळीच्या मापाची आहे.

समजा, चौदांपैकी नऊच घरे तयार झाली, तर त्रेसष्ट कोंबड्यांना लस मिळाली आणि पस्तीस तशाच राहिल्या. रोग आला म्हणजे तो या पस्तीसांत वाढेल, त्यांच्या विष्ठेतून सर्व आळीत पसरेल, आणि लस घेतलेल्या घरी नुकतीच निघालेली, अजून लस न मिळालेली पिले त्यास बळी पडतील. शेजाऱ्याचे न येणे ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

येथे आणखी एका गैरसमजाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. पुष्कळदा रोगाची बातमी कानी आल्यावर लोक लसीसाठी धावतात. त्या वेळी काही कोंबड्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला असतो. लस दिल्यावर दोन-चार दिवसांत त्या मरतात, आणि “लसीनेच मारल्या” अशी बोलवा उठते. पुढे काही वर्षे त्या आळीत कोणी लसीचे नाव काढीत नाही. लस ही निरोगी कोंबडीस, रोग येण्यापूर्वी द्यावयाची असते, आणि तिचा गुण येण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून उन्हाळ्याची वाट न पाहता थंडी सरत असतानाच तो दिवस ठरवावा. वेळ पहाटेची किंवा रात्रीची धरावी. त्या वेळी कोंबड्या खुराड्यातच असतात, धराधर होत नाही आणि लसही उन्हात तापत नाही. कुपी आणताना बर्फ घातलेला थर्मास विसरू नये.

मानमोडीखेरीज देवी हा रोगही कोंबड्यांना होतो. तुरा व डोळ्यांभोवती फोड येतात, आणि डासांमार्फत तो पसरतो. त्यावरही लस असून ती याच रीतीने आळीने मिळून द्यावी.

आजार झाकू नये

“कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही,” ही म्हण आपण वर्गात शिकवतो. आजारी कोंबडी झाकण्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. लोक आजार का झाकतात, याचाही सहानुभूतीने विचार केला पाहिजे. शेजारी दोष देतील ही भीती असते. उरलेल्या कोंबड्या बाजारात विकून चार पैसे सोडवावेत असा हिशेब असतो. कोणाची तरी नजर लागली किंवा कोणी करणी केली, असा संशय मनात घर करून बसलेला असतो. एकीच्या कोंबड्या मेल्या आणि दुसरीच्या वाचल्या, की संशयाला धार येते, आणि वर्षानुवर्षांची देवघेव तुटते. वाचलेल्या कोंबड्यांना पूर्वी लस मिळाली होती, एवढे एकच कारण अशा वेळी कोणी लक्षात घेत नाही. आजारी कोंबडी बाजारात विकणे म्हणजे रोग दुसऱ्या गावच्या तितक्याच गरजू स्त्रीच्या पदरात बांधणे होय, हे आपण स्पष्ट शब्दांत सांगावे.

आजार झाकू नये याला आता आणखी गंभीर कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लू हा रोग आढळला आणि त्या परिसरातील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही तो आढळला. हा रोग क्वचित माणसालाही होतो, आणि झाल्यास तो गंभीर ठरू शकतो. कोंबडी मानमोडीने मेली की बर्ड फ्लूने, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून थोड्या वेळात बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा गावाजवळ कावळे व इतर पक्षी मरून पडलेले दिसले, तर पुढीलप्रमाणे वागावे: मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, मुलांना तेथे मुळीच जाऊ देऊ नये, ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे, आणि त्यांच्या सूचनेशिवाय पक्षी हलवू किंवा विकू नयेत. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार अशी खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळण्याची तरतूद असते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लवकर कळविण्यातच मालकाचे हित आहे.

एरवी एखादी कोंबडी मेल्यास ती नाल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. अफवांनाही थारा देऊ नये. पूर्ण शिजवलेल्या अंड्यातून वा मांसातून बर्ड फ्लू होत नाही.

शाळेत काय करता येईल

हे वाचून शिक्षकाच्या टेबलावर आणखी एक नोंदवही येणार की काय, अशी शंका कोणी घेऊ नये. शिक्षकाने पशुवैद्य व्हावे, लस टोचावी किंवा विद्यार्थ्यांना दारोदार पाठवावे, अशी अपेक्षा मुळीच नाही. चालू अभ्यासक्रमातच ज्यांना जागा आहे, अशा चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट गणिताची. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या कोंबड्यांची संख्या सांगावी; फळ्यावर आळीवार बेरीज करावी आणि शंभर मात्रांच्या किती कुप्या लागतील याचा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा. उदाहरण पुस्तकातील नसून आपल्या दारचे आहे, हे कळताच मागच्या बाकावरील मुलेही बोटे वर करतात.

दुसरी गोष्ट भाषेची. अर्जलेखन शिकविताना, आमच्या आळीत इतक्या कोंबड्या आहेत, लसीकरणासाठी अमुक सकाळी यावे, असा पशुवैद्यकीय दवाखान्यास उद्देशून अर्ज लिहून घ्यावा. त्यांतील उत्तम अर्ज ग्रामपंचायतीमार्फत खरोखरच पाठवावा. आपण लिहिलेल्या चार ओळींनी एखादे काम घडून येते, हा अनुभव मुलास लेखनाचे महत्त्व जेवढे पटवील, तेवढे दहा निबंध पटविणार नाहीत.

तिसरी गोष्ट परिसर अभ्यासाची. कोणाच्या घरी कोंबडी बसली असेल तर भिंतीवर एकवीस दिवसांचा तक्ता लावावा. सातव्या-आठव्या दिवशी, घरच्या मोठ्या माणसांच्या संमतीने, अंधारात अंड्यामागे विजेरी धरून पाहावयास सांगावे. पिलू वाढत असेल तर तांबड्या शिरांचे जाळे दिसते. नसेल तर अंडे स्वच्छ दिसते. टोकदार व गोल अंड्यांची समजूतही याच वेळी तपासता येते. एका घरच्या कोंबडीखाली सर्व टोकदार अंडी आणि शेजारच्या कोंबडीखाली सर्व गोलसर अंडी ठेवावीत, आणि दीड-दोन महिन्यांनी तुरे वाढू लागले की दोन्हीकडील कोंबडे व तलंगा मोजाव्यात. दहा-बारा अंड्यांवरून निर्णय देता येत नाही, म्हणून दोन-तीन खेपांची नोंद एकत्र करावी. एखादी गोष्ट खरी मानण्यापूर्वी किती वेळा पाहावी लागते, हा शास्त्राचा पहिला पाठ मुलांना यातून मिळतो, आणि कोणाच्या आजीचा अवमानही होत नाही.

चौथी गोष्ट पालकसभेची. सभेत भाषण करण्यापेक्षा आळीतील जाणत्या स्त्रीस बोलते करावे. तिच्या बोलण्यातील योग्य सल्ल्यास शिक्षकाने दुजोरा द्यावा, घातक प्रथेचा उल्लेख कोणाचे नाव न घेता करावा, आणि लसीचा दिवस सर्वांच्या संमतीने त्याच सभेत ठरवावा. पुढचे काम एखाद्या बचत गटाकडे सोपविले तर उत्तम. ते शिक्षकावर अवलंबून राहू नये. ज्या घरी कोंबड्या पाळल्या जात नाहीत किंवा अंडी खाल्ली जात नाहीत, त्या घरच्या मुलांना संकोच वाटणार नाही याचीही काळजी घ्यावी. गणित व अर्जलेखन सर्वांसाठीच आहे.

खेड्यात शिक्षकाचा उंबरठा सर्व आळ्यांना सारखाच असतो. दोन शेजारणी एकमेकींशी बोलत नसल्या, तरी त्यांची मुले एकाच बाकावर बसतात. म्हणून चौदा घरांना एका सकाळी एकत्र आणणे जे इतरांना कठीण जाते, ते शिक्षकाला साधण्याजोगे असते. आठ कोंबड्यांसाठी डॉक्टर येणार नाही, हे आजीबाईंचे म्हणणे खरेच आहे. परंतु अठ्ठ्याण्णव कोंबड्यांसाठी तो येईल. तेवढी बेरीज आपण मुलांकडून करून घ्यावी आणि थंडी सरण्यापूर्वी ती त्यांच्या घरी पोहोचेल असे पाहावे.